वॉरंटी

रुवीत रात्री साडेनऊला बेचाळीस डिग्री.
शटर निम्मं ओढलं, तेवढ्यात सालिम बलुशी
दोन स्पीकर काखेत मारून आत.
"वाजतात रे. पण गाणारी बाई
मधोमध उभी राहत नाही."

खरंच. आवाज खोलीभर पांगलेला,
खर्ज तर कुणी पिऊन टाकल्यासारखा.

पेन्सिल सेल तारांना टेकवला.
डाव्याचा पडदा पुढे आला,
उजव्याचा आत गेला.
दोघेही धडधाकट, दोघेही राबतायत.
हा ढकलतो ती हवा
तो ओढून घेतो.

आठ स्क्रू. पिवळट कापूस.
लाल तार अरुंद पात्यावर, काळी रुंद पात्यावर,
आणि झाकणाच्या पोटात हिरवा शिक्का:
तपासले. १९.

एकोणीस मी होतो.
जबल अली, रात्रपाळी, मिनिटाला एक खोकं.
एकेकटं वाजवायचो, शिक्का मारायचो.
एकटं वाजलं की
काहीही बरोबरच वाटतं.

डाग काढला, तारा अदलाबदल करून परत डागल्या.
बाई आली. बरोब्बर मध्ये,
माझ्या फुंकपंख्याच्या जरा वर.

सालिमनं पाकीट काढलं.
म्हटलं, ठेव.
अजून वॉरंटीत आहे.