चतुर्थी

बेडफर्डला जुलैत रात्री नऊलाही उजेड.
इटालियनच्या वर्गात मी, एक निवृत्त पोस्टमन
आणि सासूशी भांडता यावं म्हणून आलेली हेझल.

'मी पियाचे'पाशी सगळे अडले.
आवडतं ज्याला तो कर्ता कसा नाही?
पोस्टमन वैतागला.
मला हसू आलं.
मला. आलं.
शेजवलकर बाईंची पट्टी बाकावर:
स, ला, ते, स, ला, ना, ते.
त्यांचा 'मी' म्हणजे आपला 'मला', एवढंच तर!
इंग्रजीच्या डोक्यावरून
गच्चीवरून गच्चीवर गेल्यासारखी गेले.

घरमालकीण फिलोमेना.
नवरा वीटभट्टीवर आलेला, चार वर्षांच्या करारावर;
इथेच पुरलाय.
टोमॅटो चिरता चिरता ती माझ्या चुका काढते.
भूक 'लागत' नाही गं, म्हणते,
भूक 'असते'.
आमच्याकडे होती. म्हणून तर आलो.

काल आईचा फोन: करमतं का तिकडे?
काय विचारलं? फिलोमेना म्हणाली.
मी 'मी'पासून सुरुवात केली,
त्यांच्या 'मी'पासून,
आणि पुढे क्रियापदच नाही.

तिने सुरी ठेवली.
बराच वेळ दोघी शोधत होतो.