पगार

शनिवारी चारला खिडकी उघडायची, आज सव्वासहा झाले.
मार्केट यार्डातल्या हळद मिलचा मी कॅशियर,
शांतिनाथ आप्पासाहेब चौगुले.
बोटांच्या रेषांत कायमचं पिवळं.
माझ्या हातून नोटांनाही हळद लागते,
आज मात्र नोटाच नाहीत.

बाहेर निवडणीच्या बाया बसल्यात पोत्यांच्या आडोशाला.
तायव्वा दर दहा मिनिटांनी खिडकीशी येते,
"पगार हाय का न्हाई, तेवढं सांगा."
शेठ वखारभागातून निघालेत, असं फोनवर कळतं.
ते दुपारपासून निघालेलेच आहेत.

गेल्या साली हर्नियाला मिरजेत पडून होतो,
तेव्हा गोव्याची ओलिंदा सिस्टर म्हणाली,
"पगार? आमच्या बंदरातून गेलेला शब्द तो. परत द्या."
म्हटलं, बाई, हातात पडलेला पगार कोण परत देतं?
टाके दुखेपर्यंत हसलो.

सलाईन संपेपर्यंत ती सांगत राहिली.
पोर्तुगीजांचं ते क्रियापद आहे, देऊन टाकणं.
आपण त्याचं नाम केलं
आणि वाट बघत बसलो.
स्पेनमध्येही पगारच, इटलीत पगारे,
फ्रेंचांनी मधलं व्यंजन गिळलं,
उरलेलं इंग्रजांनी उचललं, त्याची पे-स्लिप झाली.
सगळ्यांची आजी एक, लॅटिन. पाकारे:
शांत करणं.
दारात ठाण मांडलेल्या घेणेकऱ्याला
त्याचं त्याला देऊन शांत करणं.
आणि त्या शब्दाच्या पोटात पाक्स, शांतता.
ओलिंदाच्या आजीला लॅटिन प्रार्थनेतलं
तेवढंच एक कळायचं म्हणे.

घरी आल्यावर वाचनालयात जाऊन जाड कोश काढला.
त्यात दिसलं ते सिस्टरनं सांगितलं नव्हतं.
रोमन फौजा मुलूख जाळत जायच्या
आणि तिकडं कळवायच्या, शांत केला.
क्रियापद हेच.

त्याच्याही मागं एक धातू, बांधण्याचा.
दोघांनी बोलून शब्दात बांधून घेणं, तो करार, ती शांतता.
आणि त्याच कुळातला, म्हणतात, आपला पाश.
म्हणजे एक भाऊ इथंच राहिला, गळ्याला दोरी होऊन,
दुसरा कुठं कुठं फिरून गलबतातून उतरला,
घाट चढून आला
आणि माझ्या गल्ल्यात पाकिटात बसला.
ओळख द्यायला तयार नाहीत दोघं.

हे तायव्वाला सांगावं म्हटलं.
ती सुतळीचे तुकडे गोळा करत होती, उगाच,
हात रिकामा नको म्हणून.
म्हटलं, तायव्वा, पगार म्हणजे शांतता.
ती बघत राहिली माझ्याकडं,
मग म्हणाली, "तुमचं नाव शांतिनाथ हाय म्हणून गप बसलोय व्हय आमी?"

पावणेसातला शेठ आले. निम्मेच आणले.
मी पाकिटावरचे आकडे खोडून दुसरे घातले,
खोडलेले तरी वाचता येत होते.
"ऱ्हायलेलं?"
"सोमवारी."
कोण ओरडलं नाही.
यार्डात एक ट्रक मागं मागं येत होता, बीप बीप करत.
तायव्वानं अंगठा उठवला,
नोटा दोनदा मोजून चंचीत घातल्या
आणि चंचीची दोरी गुंडाळली,
एकदा, दोनदा,
मग अजून एकदा, ओढून.