पाठ

बाल्सेरनं लार्च मला विकला तेव्हा एवढंच म्हणाला,
"याची पाठ भिंतीकडे ठेव."
चाळीस वर्षं त्यानं तशीच ठेवली होती.
पुढून सरळसोट खोड, चर्चच्या मनोऱ्यासारखा शेंडा;
मागं वीतभर पांढरं लाकूड,
हिमलोटानं सोललेलं, असं तो सांगायचा
अख्ख्या एंगाडिनला.

मार्चअखेर, कळ्या मोहरीएवढ्या असताना,
मी कुंडी फिरवली.
नुसती फिरवली.
दुपारभर समोर बसले. कॉफीवर साय धरली.

मग करवत. शेंडा गेला.
सगळ्यात खालची, कधी कुणी न विचारलेली फांदी,
तिला ओला रॅफिया गुंडाळला, वर तांब्याची तार,
आणि वर वळवत नेली, बोटभर,
आणखी बोटभर.
कट्‌.
थांबले. राळेचा वास आला.
तुटली नव्हती.

बाल्सेर कुंपणाशी उभा. केव्हाचा, कोण जाणे.
"शेंडा?"
"शेगडीत."
तो आत आला. उघड्या लाकडावरून अंगठा फिरवला,
दाढी झालीय का पाहावी तसा.
"हिमलोट नव्हता," म्हणाला.
"बावीस वर्षांचा होतो. मुळं सुटेनात,
म्हणून पहार घातली."

मी काही बोलले नाही. फांदीला ताण दिलेली दोरी
एका हातानं धरली होती, गाठ राहिली होती.
ती त्यानं मारली.

मेमध्ये सुया फुटल्या, मऊ, चिमूटचिमूट.
जुलैत तार रुतू लागली,
तर हा सकाळीच दारात, हातात पक्कड.
"उलगडायची नाही हं.
जागच्या जागी कापायची."