नऊ नंबर

पहाटे साडेचार. उरण फाट्याच्या पंपावर
नऊ गाड्या, नऊ बॉनेटं, नऊ आकडे.
मी नऊ. म्हणजे शेवटचा.
"घरत, सगळ्यांची धूळ तुझ्या वाट्याला," मनजीतपाजी म्हणतात.
कळंबोलीत त्यांचे अठरा ट्रेलर, पण हसतात सायकलवाल्यासारखे.
वॉकीटॉकी वाटून झाल्या की नियम सांगतात, एकच:
मागची गाडी आरशात दिसेनाशी झाली
की थांबायचं.
कारण विचारायचं नाही.

सरावाला तुर्भ्याची बंद क्वारी.
टायरची हवा बत्तीसवरून अठरावर आणतो,
रबर पसरतं अनवाणी माणसाच्या टाचेसारखं.
"खाली काय आहे ते आधी बुडाला कळायला हवं, मग डोळ्यांना,"
कुंदाताई वैशंपायन सांगतात. सानपाडा, वय त्रेसष्ट,
जिप्सी त्याहून थोडीच तरुण. आठ नंबर.
चढावर माझं चाक नुसतंच फिरतं, खडी उडते,
ती उतरून येते, टायरपुढचा एक दगड पायाने सरकवते
आणि परत जाऊन बसते.

निघायच्या आदल्या रात्री बाबूस
पुनर्वसनाच्या प्लॉटवर, प्लास्टिकच्या खुर्चीत:
"डोंगर बघाला लडाखला चाललास?
आपला व्हता तवा कदी चरला नाय."
मी टपावर जेरीकॅन बांधत राहिलो.
गाडी त्याच डोंगराच्या पैशांची.
हे त्याला माहीत होतं. मलाही.

सहाव्या दिवशी
झाड ही गोष्ट संपून दोन दिवस झालेले.
एका वळणावर समोर तो:
उभा कापलेला, करडा, मधेच गंजासारखा पट्टा,
वर अर्धी कड तशीच ठेवलेली,
जशी उलव्यात बरेच महिने ठेवली होती.
आणि मला भोंगा ऐकू आला.
दुपारचा, सुरुंगाआधीचा.
ब्रेक दाबून मी बसून राहिलो
फडताळातली भांडी वाजायची वाट पाहत.

"नऊ, कुठे?"
"नऊ, आवाज द्या."
"आठ, तुम्हाला नऊ दिसतोय?"

कुंदाताई अर्धा किलोमीटर रिव्हर्समध्ये आली,
एका बाजूला दरी, मान खिडकीबाहेर.
काही विचारलं नाही. आवळासुपारीची डबी पुढे केली.
आम्ही चघळत बसलो दोघं.
पुढे, घाटाच्या घड्यांमधे,
सात गाड्या थांबलेल्या,
सात पिवळे दिवे लुकलुकत, कुणाचा कुणाशी मेळ नाही.

आमचं गाव उठलं तेव्हा
एवढं कुणी थांबलं असतं, तर.
जाऊ दे.

"टायर बघत होतो," मी रेडिओवर म्हटलं.
"ठीक आहे नऊ," पाजी म्हणाले,
"नीट बघ. घाई नाही."

परत आलो तेव्हा धूळ दारांच्या रबरांत,
सीटच्या शिवणीत, चार्जरच्या भोकात.
वॉशिंग सेंटरच्या पोराला म्हटलं, आज नको.
बाबूस काठी टेकत आला,
मागच्या काचेवर बोट फिरवलं, जिभेला लावलं.
"खारी नाय," म्हणाला,
जणू मी त्याला चुकीची माती आणून दिली.
मग स्वतःच पुढचं दार उघडून
लुंगी सावरत चढून बसला.
"चल."
कुठे ते नाही सांगितलं.

विमानतळाच्या भिंतीकडेने गेलो.
भिंत सरता सरत नाही.
तिच्याकडे त्याने मान वळवली नाही,
वर आवाज झाला तेव्हाही नाही.
तो डावीकडच्या आरशात बघत होता, डोळे बारीक करून.
"काय बघतंस?"
"मागं कोन हाय कं, ते."

मी गाडी बाजूला घेतली.
पिवळे दिवे लावले.