मागचा उजवा

लुझी हे नाव कायतानचं. त्याने विकली तेव्हा
आम्ही कपिला म्हणून पाहिलं, तिने कान हलवला नाही.
राहू दे म्हटलं. दूध काही नाव विचारून उतरत नाही.

मंगळवारी, पोदेराचा भोंगा खालच्या वाड्यावर असताना
काळ्या फरशीच्या तुकड्यावर पहिली धार घेतली.
तीन सडांची सरळ, पांढरी.
मागच्या उजव्याची पाणीच, आत चुरा,
दुधात लिंबू पिळल्यासारखा.
हात लावला तर कास
उन्हातला चिरा.
तिने लाथ मारली नाही. पाय उचलून धरला थोडा वेळ
आणि माझ्याकडे न बघता खाली ठेवला.

मागल्या वर्षीही हेच झालं होतं.
धाकूने फोंड्याहून ट्यूब आणल्या, तीन.
दोन भरल्या, सूज उतरली,
तिसरी चहाच्या डब्यामागे.
मग शांबाच्या म्हशीला दिली.
वाचवली, असं वाटलं तेव्हा.

डॉक्टर बाई स्कूटरवरून आल्या, हेल्मेटला चिखल.
पसरट वाटीत दूध, त्यावर जांभळं पाणी,
हलवलं तर शेंबडासारखं घट्ट.
बाटली बर्फात घालून पणजीला गेली.
तोवर थंड पाणी, दर दोन तासांनी पिळणं,
आणि मी हळद लावायला निघाले तेव्हा बाई म्हणाल्या,
लावा, पण तिच्यावर सोडू नका.

शुक्रवारी मोबाईलवर फोटो आला.
काचेची बशी, तिच्यात कागदाच्या टिकल्या,
टिकल्यांभोवती स्वच्छ मोकळे गोल,
जंतू मेले तिथे.
एका टिकलीभोवती गोल नाही.
अगदी काठाला खेटून बसलेत, सावलीला बसावं तसे.
ही तुमची जुनी ट्यूब, बाई म्हणाल्या.
रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं.

नवीन औषध पाच दिवस. आणि पुढे चार.
सोसायटीला नाही, चहाला नाही, वासरालाही नाही.
पिएदादला सांगायला गेले, तिचं अर्धा लिटर.
का ते सगळं सांगितलं, डब्यामागच्या ट्यूबसकट.
ऐकून म्हणाली, जाता गो, काळी च्या घेतां.

कुळागराच्या टोकाला खड्डा काढला, विहिरीपासून लांब.
सकाळी सहा लिटर, संध्याकाळी चार.
तांबडी माती आधी गुलाबी होते,
मग पिऊन टाकते, मग पुन्हा तांबडी.
मांजर काठावर बसायचं. मी खडा मारायचे.

सातव्या दिवशी दूध इतकं पांढरं
की मलाच माझी शंका आली.
सोसायटीत लॅक्टोमीटर बुडवतात,
त्याला पाणी कळतं, औषध कळत नाही.
धाकू काही बोलला नाही.
फक्त कॅन घासला आणि उंबऱ्यावर ठेवला,
तोंड वर करून.
मी तो उपडा केला.
संध्याकाळी खड्ड्यावर बादली त्यानेच नेली.

दहाव्या दिवशी कॅन गेला.
मागचा उजवा अजून निम्माच देतो.
त्याला सगळ्यात शेवटी पिळते,
हात साबणाने धुते, फडकं वेगळं ठेवते.
रिकाम्या ट्यूब मोजल्या, बरोबर भरल्या.

शांबाच्या गोठ्याकडे
अजून जाणं झालेलं नाही.