दुधाच्या टाकीत ऊन

पहिला आराखडा मीच फाडला.
त्यात आरसे होते, उन्हामागे मान वळवणारे,
मोटारी होत्या, पुण्याहून येणारं पॅनेल होतं,
आणि शेवटच्या पानावर अडतीस लाख.
विट्याच्या सायझिंगचे मालक तारळेकर
ते पान वाचून एवढंच म्हणाले,
"चहा घेऊन जा."

मग तीन दिवस बॉयलरपाशी बसले.
नुसतं बघत, की इथली उष्णता जाते कुठं.
ढोलांवर जाते, ताणा सुकवायला; तिथं वाफच हवी.
बाकीची खळीच्या कढईत.
बोअरचं पाणी अठ्ठावीस अंशांचं
आणि ऐंशीच्या घरात गेल्याशिवाय
पीठ काही सुताला धरत नाही.

रफिक नदाफ, बॉयलरवर सव्वीस वर्षं,
बाभळीचा ओंडका आत ढकलत म्हणाले,
"म्याडम, सूर्याकडं वाफ मागू नका.
त्याला नुसता पाण्याचा गारठा काढायला सांगा.
फुडचं मी बघतो."

सगळं डिझाइन त्यात होतं.
मी फक्त खाली आकडे लिहिले.

आरसे गेले. मोटारी गेल्या.
राहिल्या काळ्या पत्र्याच्या चपट्या पेट्या,
वर काच, खाली काचलोकर,
दक्षिणेकडं तोंड करून सतरा अंशांत कललेल्या,
कारण विटा त्याच अक्षांशावर आहे
आणि हलायला पैसे पडतात.
पाईप तीनदा आखला, तीनदा खोडला.
लांब पाईप म्हणजे वाटेत सांडणारी घागर.
शेवटी टाकीच उचलून
खळीच्या खोलीच्या भिंतीला टेकवली, कागदावर.

पण टाकी कुठली?
मिरजेच्या भंगारात पायगोंडा आवटी
मला एका टँकरपाशी घेऊन गेले.
चाकं नाहीत, केबिन नाही,
पोटाला दोन भिंती, मधे चार बोटं फोम,
बाहेर पुसट निळ्या अक्षरांत "दूध".
"हे तर गार ठेवायला असतं," मी म्हटलं.
त्यांनी टाकीवर थाप मारली.
"भिंतीला काय कळतंय, ताई?
आतलं आत, भाईरचं भाईर. एवढंच येतंय तिला."

जानेवारीत चालू झालं.
दुपारी दीडला काट्यानं ऐंशी ओलांडली
आणि कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत;
बीम बदलायची वेळ होती.

सुताचं तूस उडून काचेवर बसतं.
शेवंता म्हेत्रे रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसतात.
त्यांचा पगार मी हिशेबात धरला नव्हता.
धरल्यावर पैसे फिटायला
तीनाऐवजी साडेतीन वर्षं.
तसं मालकांना लिहून दिलं. लपवलं असतं
तर काम स्वस्त दिसलं असतं, झालं नसतं.

आणखी एक खर्च कुठल्याच रकान्यात बसत नाही.
आटपाडीकडून बाभूळ आणणारे दादू ऐवळे
आता आठवड्याला एक खेप कमी करतात.
फाटकाशी भेटले
की ट्रॅक्टर बंद न करताच बोलतात.

ऑगस्टात चार दिवस ढग.
काटा बेचाळीसवर अडकलेला.
मी फोन केला, माफी मागायच्या आवाजात.
नदाफ म्हणाले, "चौदा तर चौदा.
तेवढं लाकूड तरी मला उचलाय लागलं न्हाई."

काल पहाटे गेले, व्हॉल्व्ह गळतोय म्हणून.
रात्रीच्या पाळीनं टाकी उपसलेली,
तळाशी उरलेलं कोमट.
अंधारात रात्रपाळीची दोन पोरं
खालच्या तोटीशी वाकलेली,
खळीनं कडक झालेली बोटं
एकेक करून सोडवत होती
परवाच्या उन्हात, की कालच्या, कोण सांगणार.
मला बघून तोटी बंद करायला धावली.
"राहू दे," म्हटलं,
आणि वहीत लिहिलं:
रोजची गळती, अंदाजे वीस लिटर.