पेन्सिलीनं

नोहा, मोबाईल ठेव जरा बाजूला.
युद्धं, भूकंप, वर्षांच्या बेरजा
आणि तळाशी लाल अक्षरांत एक तारीख.
पाहिली मी. चष्मा लावून पाहिली.
आता माझं ऐक.

अडतीस वर्षं मिरजेत बाळंतपणं केली.
पहिल्याच दिवशी थोरल्या सिस्टर, करुणा हिवाळे,
कार्डावरच्या तारखेच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाल्या,
"हा पेन्सिलीनं भरायचा. शाई वापरलीस
तर लेकरू हसेल तुला."
हसलीच लेकरं. कुणी आठ दिवस आधी,
कुणी पंधरवडा उलटल्यावर,
एक तर बेडगच्या एस्टीत, घंटी वाजता वाजता.

तुझा जन्म नव्हता त्या साली
सोलापूरकडून एक उपदेशक आले.
मांजरपाटावर रंगवलेला तक्ता,
राज्यं, शिंगं, आठवडे, मग एक बाण,
बाणाच्या टोकाला नोव्हेंबरातला गुरुवार.
आवाज गोड होता माणसाचा.
खोटं वाटावं असं त्यात काहीच नव्हतं.

शमुवेल कंपाउंडरनं शिलाई मशीन विकलं,
बायकोचं, तिला न विचारता.
मार्था मोहितेनं हरभरा पेरला नाही.
म्हातारे दानियेल आवळे
अठरा वर्षांनी भावाशी बोलले.
ते बरं झालं, नाही म्हणत नाही मी.
आणि शमुवेलचा प्रभाकर, दहावीतला,
त्याच्या परीक्षेचा फॉर्म बापानं फाडला.
"मार्चात कोण असणार इथं?"

त्या रात्री सगळे चर्चच्या आवारात, चिंचेखाली,
धुतलेल्या कपड्यांत.
मलाही निरोप आला, "सिस्टर, ड्युटी बदलून घ्या."
दीडच्या सुमाराला शिकलगारांची शमशाद आली टांग्यातून.
कार्डावर अजून तीन आठवडे बाकी,
मूल पायाळू, आणि वीज गेलेली.
खिडकीतून गाणी येत होती,
ती ओरडत होती गाण्यांच्या वर.
माझे हात कोपरापर्यंत भरलेले.
एकदाच मनात आलं, आत्ता आला तर?
मग वाटलं, येऊ दे.
हात धुवायला वेळ देईल की.
नाहीतर म्हणेल, "राहू दे तसेच,
कंदील मी धरतो."

पहाटे मुलगी झाली. रडायला वेळ लावला तिनं.
चिंचेखाली कुणी रडत नव्हतं.
दवानं जड झालेल्या सतरंज्या गुंडाळत होते
एकमेकांकडे न बघता.
सहाला दूधवाला आला सायकलवर
आणि कुणाकडेच सुटे पैसे नव्हते.
उपदेशक रात्रीच्याच गाडीनं गेलेले.
बेरजेत चूक निघाली, असं पत्र आलं नंतर.

प्रभाकर माझ्याकडे आला. दारातच उभा.
"मावशी, खोटं कोण बोललं?
येशू की बाबा?"
मी म्हटलं, दोघंही नाहीत रे.
त्याला तिसरं नाव हवं होतं.
नाव होतं माझ्याजवळ, पण गाडी तर निघून गेलेली.
जंक्शनवर चहा विकत राहिला तो जन्मभर,
नाताळलाही पायरी चढला नाही.
मागल्या वर्षी माती द्यायला आपण चौघंच होतो,
आठवतं?
तुझ्या बेरजेत हे कुठल्या ओळीत धरतात?

तो येणार, यात मला शंका नाही.
शंका नाही म्हणून तर तारीख विचारत नाही.
बापानं जे लेकालाही सांगितलं नाही
ते तुझ्या फोनला कुणी सांगितलं?
आणि अजून एक. तारीख काढणाऱ्याला
आदल्या दिवसापर्यंत रजा मिळते, नोहा.
मला ती कधीच मिळाली नाही.

शमशादची ती मुलगी परवा भेटली, लक्ष्मी मार्केटात.
सुनेचे दिवस भरत आलेत म्हणाली.
तारीख काय दिलीय, विचारलं मी, सवयीनं.
हसली. "दिलीय डॉक्टरांनी कायतरी."
पिशवी मात्र दाराशीच ठेवलीय म्हणे,
आईच्या जुन्या साडीची मऊ फडकी, टोपडं,
आणि एक बॅटरी, नवे सेल घालून.